सावली कोणाची?



आजचं वाचन ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायातलं. भक्तियोगाचा हा अध्याय गीतेत फक्त २० श्लोकांचा आहे, त्यामुळे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी लहानपणी तो पाठ केलेला असतो. तेराव्या श्लोकापासून भगवंत आपला आवडता भक्त कसा असतो ते सांगतात. अठराव्या श्लोकात शत्रू आणि मित्र, मान आणि अपमान सारखेच मानणारा भक्त येतो. तिथे माउली तीन साधे दाखले देतात. दिवा घरच्यांना उजेड आणि परक्याला अंधार असं करत नाही. ऊस पाणी घालणाऱ्याला गोड आणि चरकात पिळणाऱ्याला कडू लागत नाही. आणि झाड ज्यानं लावलं त्याला जशी सावली देतं, तशीच जो कुऱ्हाड घेऊन तोडायला आला त्यालाही देतं.

हा भाग मी आजवर सात-आठ वेळा तरी वाचला असेन. दर वेळी ‘काय सुंदर दाखला आहे’ असं मनात म्हणून पुढे गेलो. या वेळी मात्र झाडापाशी अडकलो. कारण ज्या झाडाखाली बसून वाचत होतो, त्याच्या सावलीला कुलूप लावायचा अर्ज मी स्वतः लिहिला होता.

आमच्या घरापासून चार मिनिटांवर एक छोटं सार्वजनिक उद्यान आहे. अर्ध्या एकराचं असेल. चालायला एक गोल ट्रॅक, मुलांना दोन झोपाळे आणि घसरगुंडी, व्यायामाची चार-पाच यंत्रं, सहा बाकं. पुण्यात टेकड्या आहेत, मोठमोठ्या बागा आहेत, पण तिकडे जायला रविवार उजाडावा लागतो. इथे स्टँडअप मीटिंगच्या आधीही जाऊन येता येतं. झाडं मात्र जुनी आहेत. एक कडुनिंब, एक बकुळ, एक बहावा आणि कुंपणाच्या कडेला दोन मोठे करंज. करंज मार्चच्या सुमाराला जुनी पानं गाळतो आणि एप्रिल लागता लागता चकचकीत नव्या पालवीनं भरून जातो. म्हणजे सावलीची सगळ्यात जास्त गरज असते नेमक्या त्याच महिन्यांत त्याची सावली दाट होते. वर कुठेतरी तांबट पक्षी टुक टुक करत बसलेला असतो. खाली सातभाईंची भांडणं चाललेली असतात.

गेली तीन वर्षं माझं रोजचं वाचन याच करंजाखालच्या बाकावर होतं. आधी दहा फेऱ्या, मग बाकावर बसून मोबाइलवर ज्ञानेश्वरी. सहाव्या अध्यायात ध्यानाला बसायची जागा कशी असावी याचं माउलींनी केलेलं वर्णन वाचताना मला हेच बाक आठवतं. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जायचे, आपल्याला निदान हे अर्ध्या एकराचं उद्यान तरी मिळालं, असं वाटायचं. इथे या बाकावर माझं मन लवकर शांत होतं. आणि मन शांत झालं की माणसाला वाटायला लागतं, आपली प्रगती होतेय.

आता अर्जाची गोष्ट.

शहरातल्या बऱ्याच उद्यानांना दुपारी कुलूप असतं. आमच्या उद्यानाला नव्हतं. रखवालदारकाका दुपारी फाटक नुसतं लोटून ठेवायचे. मग दुपारच्या वेळी तिथे वेगळीच माणसं यायची. डिलिव्हरी करणारी मुलं, शेजारच्या बांधकामावरचे मजूर, दोन सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करून तिसरीकडे जायच्या आधी डबा खाणाऱ्या मावशी. कोणी बाकावर आडवं व्हायचं, कोणी बूट काढून गवतावर पाय पसरायचं.

फेब्रुवारीत आमच्या भागाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो आला. बाकावर हेल्मेट उशाला घेऊन झोपलेला एक मुलगा. खाली लिहिलं होतं, ‘आपलं उद्यान की धर्मशाळा?’ मग धडाधड प्रतिक्रिया. ‘नातीला घेऊन जायला नको वाटतं.’ ‘हे लोक कुठून येतात कोण जाणे.’ कोणीतरी सांगितलं की परवा सकाळी कोपऱ्यात दोन रिकाम्या बाटल्या सापडल्या. शेवटी ठरलं की दुपारी उद्यान बंद ठेवावं असा अर्ज द्यायचा. मला मराठी बरं लिहिता येतं, म्हणून काम माझ्याकडे आलं. मीही ‘हो’ म्हणालो, कारण मागच्याच आठवड्यात घरून काम करताना दुपारी मी बाकावर बसायला गेलो होतो आणि माझ्या बाकावर कोणीतरी झोपलं होतं. ‘माझ्या’ बाकावर.

अर्ज चांगला झाला. त्यात मी ‘असामाजिक घटक’ हा शब्द वापरला. ‘महिला व ज्येष्ठ नागरिक यांना असुरक्षित वाटते’ असंही लिहिलं. खरं सांगायचं तर अर्ज लिहिताना मला दोन गोष्टी माहीत होत्या. त्या बाटल्या सकाळी सापडल्या होत्या, म्हणजे रात्री कोणीतरी भिंतीवरून उडी मारून आलं होतं. दुपारच्या माणसांचा त्याच्याशी संबंध नव्हता. आणि ज्या काकूंना नातीला घेऊन जायला नको वाटायचं, त्यांना मी विचारलं होतं, ‘काकू, कोणी काही बोललं का, त्रास दिला का?’ त्या म्हणाल्या होत्या, ‘तसं काही नाही रे. पण बरं दिसत नाही ना.’ ‘बरं दिसत नाही’चं मी अर्जात ‘असुरक्षित’ केलं. ४३ सह्या झाल्या, पहिली माझी. मार्चपासून दुपारी ११ ते साडेचार फाटकाला कुलूप लागलं. ग्रुपवर लोकांनी माझ्या नावानं टाळ्यांची चित्रं टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच बाकावर बसून ज्ञानेश्वरी वाचली. मन नेहमीइतकंच शांत होतं. आज मला याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

एप्रिलच्या शेवटी एका दुपारी अडीच-तीन वाजता औषधाच्या दुकानात जायला बाहेर पडलो. पारा चाळिशीला टेकलेला. आपल्याकडे या दिवसांत भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, मे महिन्याच्या मध्याला तर पुण्यात शून्य सावलीचा दिवस असतो. त्यामुळे बारा-साडेबाराला झाडाची सावली बरोबर त्याच्या बुंध्याभोवती पडते, म्हणजे कुंपणाच्या आत. पण सूर्य जसा पश्चिमेला कलतो, तशी सावली पूर्वेला सरकते. आमचे करंज पूर्वेच्या कुंपणाला लागून आहेत. अडीचच्या पुढे त्यांची सावली गजांमधून बाहेर येते आणि फुटपाथवर पसरते.

त्या सावलीच्या पट्ट्यात तीन जण बसले होते. दोन डिलिव्हरीवाली मुलं आणि एक मावशी डबा खात. पाठ कुंपणाच्या गजांना टेकलेली. गजांच्या आत सहाही बाकं रिकामी. मी थांबलो. मनात आलं, फाटकाला कुलूप आम्ही लावलं, तरी करंज आपली सावली बाहेर पाठवतोच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाराव्या अध्यायातला तो झाडाचा दाखला समोर आला. योगायोग म्हणा, नाहीतर माउलींनी कान धरला म्हणा. आजवर मी तो वाचायचो तेव्हा आपोआप स्वतःला झाडाच्या जागी ठेवायचो. मी झाडासारखं व्हायला हवं, जे माझं वाईट करतात त्यांनाही सावली द्यायला हवी, वगैरे. ऑफिसमध्ये माझं श्रेय घेणारा सहकारी डोळ्यांसमोर आणायचो आणि त्याला मनातल्या मनात माफ करायचो. किती सोयीचं वाचन! त्या सकाळी पहिल्यांदा कळलं की या दाखल्यात कुऱ्हाड घेऊन येणारा जो माणूस आहे, तो मी आहे. झाडाच्या देण्यावर मी घाव घातला होता. आणि तरीही त्या क्षणी मी त्याच झाडाच्या सावलीत बसलो होतो. त्यानं मला उठवलं नव्हतं.

मग मनात वाद सुरू झाला. इंजिनिअरचं मन, ते सहज हार मानत नाही.

पहिला मुद्दा: समता ही आतली गोष्ट आहे. भक्तानं मनात भेद ठेवू नये, पण व्यवहार व्यवहारासारखाच चालायचा. उद्यानाला वेळ असावी की नसावी हा कारभाराचा प्रश्न, भक्तीचा नाही. ऐकायला ठीक वाटतं. पण माउलींचे तिन्ही दाखले पुन्हा बघा. दिवा मनात काय समजतो, झाडाला आत काय वाटतं, याबद्दल ते बोलत नाहीत. ते उजेडाबद्दल, सावलीबद्दल, गोडीबद्दल बोलतात. म्हणजे समोरच्याच्या पदरात प्रत्यक्ष काय पडतं त्याबद्दल. मी मनात सगळ्यांना सारखं मानतो आणि माझ्या सहीमुळे एका माणसाच्या डोक्यावरची सावली जाते, तर माझ्या त्या आतल्या समतेचा त्याला काय उपयोग?

दुसरा मुद्दा जरा अवघड होता: झाडाला निवडच नाही. कोण लावतो, कोण तोडतो, हे त्याला कळतच नाही, मग त्याच्या समतेत मोठेपणा कसला? माणसाला कळतं. मला वाटतं, म्हणूनच हा दाखला भक्तासाठी आहे. झाडाला जे न कळता होतं, ते भक्तानं सगळं कळूनसवरून करायचं आहे. कोण आपला, कोण परका, हे दिसत असूनही सावलीत फरक करायचा नाही. शिवाय माझ्या बाबतीत तर माझं स्वतःचं काही द्यायचंही नव्हतं. करंज मी लावला नव्हता, त्याला पाणी मी घालत नव्हतो. दुसऱ्याचं देणं मध्येच अडवायचं नाही, एवढंच करायचं होतं.

तिसरा मुद्दा खरा आहे आणि तो मी झटकणार नाही: नियम लागतातच. कोणी दारू प्यायला लागलं, बायकांकडे बघून काही बोललं, कचरा टाकला, तर ‘समता’ म्हणून गप्प बसायचं का? मुळीच नाही. माझ्या कामात मी रोज हेच करतो, सिस्टिममध्ये कोणाला काय करायची परवानगी द्यायची ते ठरवतो. तिथे दोन प्रकार असतात. एक, अमुक कृती कोणीच करायची नाही. दुसरा, अमुक प्रकारच्या लोकांना आतच येऊ द्यायचं नाही. मी अर्जात पहिल्याची भाषा वापरली आणि दुसरा नियम मागितला. दारू, कचरा, दंगा यांवर नियम मागितला असता तर तो मलाही लागू झाला असता. आम्ही असा नियम मागितला, जो आमच्यापैकी कोणालाच लागू होत नाही. आम्हाला दुपारी घरात पंखा आहे, एसी आहे. ११ ते साडेचार या वेळात फक्त त्यांनाच गरज असते.

हे कळल्यावर मला पालखीचे दिवस आठवले. दोन्ही पालख्या पुण्यात येतात, माउलींची भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला असते, तेव्हा आम्ही मित्र दर वर्षी राजगिऱ्याचे लाडू आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन जातो. फुटपाथवर, दुकानांच्या पायऱ्यांवर, शाळांच्या व्हरांड्यात वारकरी पथारी टाकून झोपलेले असतात. घामानं भिजलेले कपडे, भेगाळलेले पाय. आपण त्यांच्या पाया पडतो, त्यांना ‘माउली’ म्हणतो. ‘कुठून आलात माउली?’ हे विचारताना आवाजात केवढी माया असते. ग्रुपवरचा ‘हे लोक कुठून येतात कोण जाणे’ हाही तसाच प्रश्न होता. झोपलेल्या माणसाच्या कपाळावर बुक्का होता की उशाला हेल्मेट होतं, एवढाच फरक.

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात देशात २०२०-२१ मध्ये असं ॲपवरचं आणि सुटं काम करणारे सुमारे ७७ लाख लोक असल्याचा अंदाज होता. माझं अर्धं आयुष्य त्यांच्यावर चालतं. रात्री साडेअकराला डिप्लॉयमेंट चालू असताना जेवण तेच आणतात. त्यांचं ऑफिस रस्ता आहे आणि त्या ऑफिसला जेवणाची सुट्टी काढायला खोली नाही. दोन ऑर्डरींच्या मध्ये वीस मिनिटं कुठे थांबायचं, हा त्यांचा रोजचा प्रश्न. पत्र्याच्या शेडखाली थांबलं तर वरून पत्राच तापतो. झाड मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून वाफेच्या रूपात सोडतं, त्यात आजूबाजूची उष्णता खर्च होते, म्हणून झाडाखाली खरोखर गार वाटतं. हा गारवा कुठल्याही ॲपवर मागवता येत नाही.

दोन दिवसांनी मी मुद्दाम दुपारी तीनला गेलो. एक मुलगा कुंपणाला टेकून बसला होता. मीही जरा अंतर ठेवून फुटपाथवर बसलो. त्यानं विचारलं, ‘पत्ता शोधताय का दादा?’ म्हटलं, नाही, असाच बसलोय. थोडं बोलणं झालं. तो लातूरकडचा, इथे दोन वर्षं झाली. म्हणाला, ‘आधी आत झोपता यायचं अर्धा तास. आता बंद केलं कोणीतरी.’

‘कोणीतरी’ ऐकल्यावर गप्प बसणं सोपं होतं. मी सांगितलं, ‘तो अर्ज मी लिहिला होता.’

तो माझ्याकडे बघत राहिला. चिडला नाही. म्हणाला, ‘आमच्यातल्या कोणी काही केलं होतं का?’

‘नाही.’

‘मग?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘बरं दिसत नाही’ हे त्याच्या तोंडावर सांगता येणार नव्हतं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, ऑर्डर आली. त्यानं हेल्मेट घातलं आणि गाडीला किक मारून गेला. त्यानं मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. विचारायचा हक्कही नव्हता. मी तिथेच थोडा वेळ बसून राहिलो. करंजाची सावली माझ्यावरही होती.

गेल्या आठवड्यात मी दुसरा अर्ज लिहिला. दुपारी फाटक उघडं ठेवावं. दारू, धूम्रपान, कचरा आणि कोणालाही त्रास देणं यांवर बंदीचा फलक सगळ्या वेळांसाठी लावावा. आधीच्या अर्जातली ‘असामाजिक घटक’ आणि ‘असुरक्षित’ ही विधानं मी खात्री न करता लिहिली होती, हेही त्यात नमूद केलं. तेच ग्रुपवरही टाकलं. या वेळी टाळ्या नव्हत्या. एकानं लिहिलं, ‘फार अध्यात्म वाचलं की असं होतं.’ ज्यांनी पहिल्या अर्जावर ४३ सह्या केल्या होत्या, त्यांच्याच दारांवर पुन्हा गेलो. १७ सह्या मिळाल्या. त्यातली एक त्याच काकूंची आहे. म्हणाल्या, ‘दुपारी मीच येऊन बसेन नातीला घेऊन. चार लोक असले की बरंच असतं.’ हा विचार मला आधी सुचलाच नव्हता. जागा रिकामी ठेवून ती सुरक्षित होत नाही, माणसांचा वावर असला की होते.

अर्ज सोमवारी देणार आहे. होईल की नाही, ठाऊक नाही. तोपर्यंत आम्ही तिघांनी मिळून फुटपाथवर, सावली येते त्या बाजूला, पाण्याचा एक माठ ठेवला आहे. तो भरायची पाळी आज माझी होती. मात्र हे काही प्रायश्चित्त नाही. कुलूप अजून तिथेच आहे, आणि ते लावणाऱ्या कागदावर पहिली सही अजून माझीच आहे.

मित्रांनो, आपण रोज वाचतो. वाचताना आपण कोणाच्या जागी उभे राहतो, हे एकदा बघा. अर्जुनाच्या, भक्ताच्या, झाडाच्या जागी आपण पटकन जाऊन बसतो. कधी कधी ग्रंथ आपल्याला दाखल्यातल्या दुसऱ्या माणसाच्या जागी उभं करायला बघत असतो.

आजचा छोटासा नेम: तुमच्या जवळच्या उद्यानात, सोसायटीच्या बागेत किंवा देवळाच्या ओट्यावर एकदा भर दुपारी जाऊन या. तिथे कोण बसलंय ते बघा. आणि कोणीच नसेल, तर का नाही ते विचारा.

राम कृष्ण हरी.